पार्श्वभूमी : ओकमेयदानीचे दगड

इस्तंबूलच्या ओकमेयदानी भागात इमारतींच्या दाटीत मधूनच एखादा कोरीव संगमरवरी खांब दिसतो. वर अरबी लिपीतल्या जुन्या तुर्की ओळी. थडग्याचा दगड वाटावा असा. पण इथे कुणाला पुरलेलं नाही. कधीकाळी एक बाण इथवर येऊन पडला, त्याची ही खूण. बाण जिथून सुटला तिथेही दगड असायचा, त्याला ‘पायाचा दगड’ म्हणत.

‘ओक’ म्हणजे बाण. ओकमेयदानी म्हणजे बाणांचं मैदान. १४५३ मध्ये शहर जिंकल्यावर ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदने ही जागा तिरंदाजांसाठी राखून ठेवली आणि त्याचा मुलगा दुसरा बायझीद याने इथे त्यांचा तेक्के, म्हणजे मठवजा आखाडा, उभारला. शिष्याला आधी ‘केपाझे’ नावाचं नरम धनुष्य मिळे. बाण न लावता ते ओढत राहायचं. पुढे ९०० गेझवर बाण टाकला की तो ‘केमानकेश’ ठरे. गेझ साधारण ६६ सेंटिमीटरचा, म्हणजे जवळपास ६०० मीटर! (यातला ‘केमान’ म्हणजे आपली कमान, दोघांचं मूळ फारसी.) बाण सोडताना ओठांवर ‘या हक’, म्हणजे ईश्वराचा धावा. सोळाव्या शतकाच्या सुमारास तोझकोपारान इस्कंदर याने १,२८१ गेझांहून जास्त, सुमारे ८४५ मीटर, मजल मारल्याची नोंद आहे. तोझकोपारान म्हणजे धूळ उडवणारा.

एवढं बळ यायचं कुठून? धनुष्य तर जेमतेम मीटरभर लांबीचं वाटतं. त्याच्या गाभ्याला मेपलचं लाकूड, पोटाला म्हशीचं शिंग, पाठीला जनावराच्या पायातल्या कंडरांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांचे) धागे आणि हे सगळं धरून ठेवणारा सरस. ताणलं की शिंग दबतं, कंडरांचे धागे खेचले जातात. दोरी उतरवली की धनुष्य उलट्या दिशेने वळून पार गोल होऊन बसतं. दोरी ओढायची ती अंगठ्याने. अंगठ्यात हाडाची किंवा दगडाची अंगठी, झिहगीर. १७९५ मध्ये लंडनला तुर्की राजदूताचा सचिव महमूद एफेंदी याने असाच बाण ४८२ यार्डांवर टाकला, तेव्हा तिथले तिरंदाज थक्क झाले.

बंदुकीपुढे रणांगणातली तिरंदाजी केव्हाच मागे पडली होती, तरी मैदानावर ती टिकून होती. स्वतः तिरंदाज असलेल्या सुलतान दुसऱ्या महमूदने मुस्तफा कानीकडून सगळी विद्या लिहवून घेतली. तो ग्रंथ १८४७ मध्ये छापला गेला. मला ही या इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. पुढे गुरू गेले, मैदानावर वस्ती चढली, तरी कृती कागदावर राहिली.

ही विद्या पुन्हा जिवंत करण्याचा पहिला प्रयत्न १९३७ चा. आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क यांच्या पाठिंब्याने इस्तंबूलला ‘ओकस्पोर’ ही संस्था निघाली. तिच्यात नेजमेद्दिन ओक्याय होते: सुलेखनकार, अबरी (रंगांच्या लहरी उमटवलेल्या) कागदाचे कलावंत आणि तिरंदाज. आडनावाचा अर्थच ‘बाण-धनुष्य’. अतातुर्क १९३८ मध्ये गेले आणि संस्थाही लवकरच थांबली.

मग कित्येक दशकं शांतता. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र दंतवैद्य मुरात ओझ्वेरी यांच्यासारख्या माणसांनी जुने ग्रंथ उघडले, आणि अंगठ्याची पकड पुन्हा हातात बसवली. कॅनडात ॲडम कार्पोविझ यांनी संग्रहालयांतली धनुष्यं मोजून-अभ्यासून तशीच घडवली. जुन्या तेक्केच्या जागी पुन्हा वास्तू उभी राहिली, सराव सुरू झाला. डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने पारंपरिक तुर्की तिरंदाजीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

आज बहुतेक जण फायबरग्लासच्या धनुष्यावर शिकतात, आणि त्यात वाईट काहीच नाही. शिंगाचं धनुष्य घडवणारे हात अजून मोजकेच आहेत. त्यातला सरस आजही महिनोन्महिने वाळतो.