तारखा जुळल्या नाहीत म्हणून आठवण खोटी?

दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने सैनिकांसाठी बायकांना लैंगिक गुलाम म्हणून ठेवलं, त्या 'कम्फर्ट स्टेशन'चा विषय निघाला की एक आक्षेप हटकून येतो: या बायकांचे जबाब दर वेळी बदलतात, म्हणजे सगळं बनावट. रोख बहुतेकदा किम हाक-सुन यांच्यावर. 14 ऑगस्ट 1991 रोजी, वयाच्या 67 व्या वर्षी, स्वतःचं नाव सांगून जाहीरपणे बोलणाऱ्या त्या दक्षिण कोरियातल्या पहिल्या पीडिता. मध्ये पन्नास वर्षं गेली होती.

आता मेंदूत काय होतं ते बघू. भीतीच्या क्षणी नॉरअॅड्रिनॅलिन हे ताणाचं रसायन वाढतं, अमिग्डाला (मेंदूतलं भीतीचं केंद्र) चेतते आणि तिच्या रेट्याने हिप्पोकॅम्पस हा आठवणी नोंदवणारा भाग घटनेचा गाभा पक्का नोंदवतो. कडेचे तपशील मात्र निसटतात. तारीख तर सहसा साठतच नाही. 'तेव्हा थोरलीचं लग्न व्हायचं होतं' असा हिशेब करून आपण ती मागाहून लावतो. त्यातून तोच अत्याचार रोज होत असेल, तर वेगवेगळे दिवस एकमेकांत मिसळून जातात.

पुढचा भाग माझा आवडता. 2000 साली मेंदूशास्त्रज्ञ करीम नादर आणि जोसेफ लेडू यांच्या प्रयोगात उंदरांना आवाजासोबत विजेचा झटका दिला. दुसऱ्या दिवशी फक्त आवाज ऐकवून आठवण जागी केली आणि लगेच अमिग्डालात प्रथिननिर्मिती रोखणारं अॅनिसोमायसिन सोडलं. भीती ओसरली! आवाज न ऐकवता औषध दिलं किंवा सहा तास उशिरा दिलं, तर काहीच फरक नाही. म्हणजे जागी झालेली आठवण काही काळ कच्ची असते आणि पुन्हा नव्याने बांधली जाते. उंदरांवरून थेट माणसांवर उडी मारू नये, हे खरंच.

माणसांचा पुरावा नेदरलँड्समधल्या एरिका या नाझी काळातल्या बंदिछावणीचा आहे. वाखेनार आणि ग्रूनेवेख या मानसशास्त्रज्ञांनी बंदिवानांचे 1940 च्या दशकातले जबाब 1980 च्या दशकातल्या जबाबांशी ताडून पाहिले. छावणीतलं जगणं लोकांना नीट आठवत होतं. तारखा, कधी छळ करणाऱ्यांची नावंही पुसली गेली होती. छावणी तर खरीच होती.

याउलट, कोरियातल्या जेजू बेटावरून आपण बायका पकडून आणल्याची योशिदा सेइजी या जपानी माणसाची हकीकत अगदी तपशीलवार होती. तीच खोटी निघाली आणि 'आसाही शिंबुन' या जपानी वृत्तपत्राने 2014 मध्ये त्यावरच्या बातम्या मागे घेतल्या. पण स्टेशनांमागचा लष्कराचा हात त्या हकिकतीवर अवलंबून नाही. इतिहासकार योशिमी योशिआकी यांना लष्कराचीच कागदपत्रं सापडली, ती जानेवारी 1992 मध्ये छापून आली आणि पुढच्या वर्षीच्या कोनो निवेदनात जपान सरकारने लष्कराचा सहभाग मान्य केला. जबाब वाचायचेच, तर आधी सुरुवातीचे वाचावेत. त्यांच्यावर पुनःपुन्हा सांगण्याचे थर कमी चढलेले असतात.