गोळा जमिनीला टेकताना

गोळाफेकीच्या मैदानावर फीत लावून मोजले जाते ते अंतर. गोळा मातीत खळगा पाडतो त्या क्षणी त्याचा वेग किती होता, हे कोणी मोजत नाही. तो वेग कागदावर मात्र काढता येतो आणि त्यासाठी गोळा किती वेळ हवेत होता हे ठाऊक असण्याचीही गरज नसते.

असे धरू, की हातातून सुटताना गोळा जमिनीपासून २ मीटर उंच आहे, त्याचा वेग सेकंदाला १२ मीटर आहे आणि दिशा क्षितिजाशी ३८ अंशांचा कोन करते. हे आकडे अगदीच मनचे नाहीत. असा गोळा सुमारे साडेसोळा मीटरवर पडतो आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांना रौप्यपदक मिळवून देणारी फेक १६.३२ मीटरची होती.

गुरुत्वाकर्षण फक्त खाली ओढते, त्यामुळे वेगाचा आडवा घटक (सेकंदाला ९.४६ मीटर) शेवटपर्यंत तोच राहतो. उभा घटक सुरुवातीला वरच्या दिशेने ७.३९ असतो आणि दर सेकंदाला ९.८ ने घटत जातो. त्वरण म्हणजे वेगाचा काळाच्या सापेक्ष अवकलज, म्हणजेच वेग काळानुसार बदलण्याचा दर. पण आपल्याला माहीत आहे ती उंची, काळ नव्हे. ही अडचण कलनशास्त्रातला (कॅल्क्युलसमधला) साखळी नियम सोडवतो. वेग काळानुसार ज्या दराने बदलतो, तो दर म्हणजे उंचीनुसार वेग बदलण्याचा दर गुणिले काळानुसार उंची बदलण्याचा दर, आणि यातला दुसरा दर म्हणजे खुद्द उभा वेगच. काळ समीकरणातून निघून गेला! आता उंचीवर समाकलन केले, म्हणजे उंचीच्या बारीक बारीक टप्प्यांतले बदल एकत्र मिळवले, की उभ्या वेगाच्या वर्गात २ × ९.८ × २, म्हणजे ३९.२ ची भर पडते. ७.३९ चा वर्ग ५४.६; ५४.६ अधिक ३९.२ म्हणजे ९३.८; वर्गमूळ ९.६८, हा जमिनीला टेकतानाचा उभा वेग. त्यात आडव्या घटकाचा वर्ग मिळवून पुन्हा वर्गमूळ काढले, की उत्तर येते सेकंदाला सुमारे १३.५ मीटर, म्हणजे ताशी जवळपास ४९ किलोमीटर.

या उत्तरात कोन कुठेच उरत नाही, कारण दोन्ही घटकांच्या सुरुवातीच्या वर्गांची बेरीज नेहमी १२ चा वर्ग, म्हणजे १४४ च असते. त्याच उंचीवरून आणि त्याच वेगाने गोळा सरळ वर फेका, आडवा फेका किंवा थेट पायाशी आपटा, तो जमिनीला टेकेल तो १३.५ च्याच वेगाने. विद्यार्थ्यांना हे सहसा पटत नाही, आणि ते पटू नये हे स्वाभाविकही आहे. कारण कोनानुसार अंतर, वेळ आणि आदळण्याची दिशा हे सारे बदलते.

गोळ्याच्या बाबतीत हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो, म्हणून तो सोडून देणे चालते. बॅडमिंटनच्या फुलाबाबत हे चालत नाही. तिथे विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्वरण क्षणोक्षणी बदलते आणि वरचे सुटसुटीत सूत्र कोलमडते. साखळी नियम मात्र तेव्हाही उपयोगी पडतो. ताशी ४०० किलोमीटरहून अधिक वेगाने सुटणारे हेच फूल उंचावरून सरळ खाली येते, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सात मीटरच्या आसपास स्थिरावतो.