बोल्ट कुठे अडकलाय, ते आधी ओळखा

जुन्या गाडीचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला चासीशी जोडणारा खालचा दांडा, बदलायला घेतला की वेळ आर्मला लागत नाही, बोल्टला लागतो. नवा आर्म बसवणं तासाभराचं काम. पण पंधरा वर्षं जागचा न हललेला बोल्ट अख्खा दिवस खातो, आणि घाई केली तर अर्धाच हातात येतो.

मराठवाड्याची हवा कोरडी, त्यामुळे इकडच्या गाड्या गंजत नाहीत असं लोक म्हणतात. वरच्या पत्र्यापुरतं ते बरंचसं खरं आहे. गाडीखालची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात पाणंद रस्त्याने शेतावर गेलं की आर्मला आणि त्याच्या टोकातल्या रबरी बुशच्या कडांना काळी माती थापून बसते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि ते सहजी सोडत नाही. वरून खडखडीत वाळलेली दिसली तरी लोखंडाला चिकटलेला थर कित्येक दिवस ओला राहतो. त्यात गाडी बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुतली की क्षार फटीत साचतात आणि गंज चढायचा वेग वाढतो.

गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो. स्लॅबमधली सळई गंजली की काँक्रीटचे पापुद्रे पडतात, ते याचमुळे. बोल्ट आणि त्याच्याभोवतीची नळी यांच्यात फट असते जेमतेम मिलिमीटरच्या काही दशांशांची. गंज तिथे फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा घट्ट बसतो.

बोल्ट अडकायच्या जागा दोन, आणि दोन्हींचा इलाज वेगळा. एक, नटाचे आटे. दोन, रबरी बुशच्या पोटातली लोखंडी नळी, जिला स्लीव्ह म्हणतात. ओळखायचं असं: बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारच्या ब्रॅकेटवर खडूने एक सरळ रेघ ओढा. पान्याने जोर लावा आणि सोडा. रेघ थोडी सरकून पुन्हा जागेवर आली, हाताला स्प्रिंगसारखी ओढ जाणवली, तर बोल्ट स्लीव्हला चिकटलाय. तुम्ही बोल्ट फिरवतच नाही आहात, रबर पिळताय. तिथे पान्याचा जोर वाढवून काहीही साधत नाही.

काम सुरू करण्याआधी गाडी फरशीवर किंवा काँक्रीटवर घ्या. काळ्या मातीत जॅक तिरका होऊन रुततो. नाइलाजच असेल तर जॅक आणि जॅक स्टँड, दोन्हींखाली फूटभर लांब-रुंद, दोन इंच जाड फळी हवी. चाकांना ओंडका लावा आणि गाडी जॅक स्टँडवर टेका. विटांवर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर गाडी कधीच ठेवू नका. ते चेपत नाहीत, एकदम फुटतात.

आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने नटाबाहेर आलेले आटे लख्ख करा. बहुतेक जण हे टाळतात आणि तिथेच फसतात, कारण नट सुटताना याच घाणीवरून सरकतो आणि पुन्हा आवळतो. मग गंज सोडवणारं तेल मारा. ते पातळ असल्याने केशाकर्षणाने फटीत शिरतं, पण त्याला वेळ लागतो. दर दोन-तीन तासांनी पुन्हा तेल आणि हलक्या हातोडीचे दहा-बारा ठोके. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. डिझेलही चालतं, पण सावकाश. ही तेलं रबर फुगवतात, म्हणून बुश तोच ठेवायचा असेल तर जपून.

पाना सहा कोनी सॉकेटचाच घ्या, गॅरेजवाले ज्याला गोटी म्हणतात तो. बारा कोनी गोटी फक्त कोपरे धरते आणि गंजलेलं डोकं गोल करून टाकते. आधी किंचित आवळा, मग सोडा. पाइप लावण्याआधी एक हिशोब बघा: दोन फुटी, म्हणजे 60 सें.मी. दांड्यावर 50 किलोचा जोर टाकला की पिळायचा जोर सुमारे 295 न्यूटन-मीटर होतो. 8.8 या ताकदीच्या ग्रेडचा 12 मि.मी. बोल्ट आवळायचाच असतो 80-90 ला. म्हणजे पाइपाने तो सहज पिळून तुटतो. कान आणि हात जागे ठेवा. सुटणारा बोल्ट 'टक्' करून सुटतो. तुटणारा आवाज न करता गुळाच्या पाकासारखा मऊ फिरायला लागतो. मऊ लागला की त्याच क्षणी थांबा. थोडं उलट फिरवा, तेल, पुन्हा पाव फेरा. पुढे-मागे करत काढलेल्या बोल्टचे आटे वाचतात.

आटे तरीही हटेनात, तर उष्णता. मे महिन्यात ऊन 42 अंशांवर असलं तरी त्याचा इथे उपयोग नाही, कारण नट आणि बोल्ट सारखेच तापतात. गॅस टॉर्चची आच फक्त नटाला द्यायची. पोलाद दर अंशाला 12 दशलक्षांश इतकं वाढतं; नट 300 अंशांनी तापला तर 12 मि.मी.चं भोक साधारण 0.04 मि.मी.ने मोठं होतं. एवढंसंच, पण गंजाची पकड मोडायला पुरतं. आधी सगळं तेल पुसा, ब्रेकचा होज आणि पेट्रोलची नळी जवळ असेल तर आच देऊच नका, आणि वाळूची बादली हाताशी ठेवा. गरम नटाला मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांत शिरतं. आच लागलेला नट-बोल्ट पुन्हा वापरू नका. पोलादाला दिलेलं पाणी उतरतं.

स्लीव्हमध्ये चिकटलेल्या बोल्टचा नट काढून टोकाशी सपाट येईल इतका परत चढवा, म्हणजे ठोकताना आटे पसरत नाहीत. घणाचे मोजके, जोरदार ठोके द्या. पाच-सहा ठोक्यांनी हलला नाही तर बुश गेलाच असं धरा आणि बुश व ब्रॅकेटच्या मधल्या फटीतून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापा. ग्राइंडरची 1 मि.मी. चकती पोचली तर उत्तम, नाहीतर हॅकसॉचं नुसतं पातं. ब्रॅकेटला चकती लागू देऊ नका. काही गाड्यांत नट चासीच्या आत वेल्ड केलेला असतो. तो आतल्या आत फिरायला लागला तर वेल्डिंगवाल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि शॉकअपच्या वरच्या टोकाचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय सोडू नका. दाबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते.

नवा बोल्ट घेताना डोक्यावर जुन्याचाच ग्रेड, 8.8 किंवा 10.9, कोरलेला बघा. खूण नसलेला बोल्ट दिसायला तसाच असतो, ताकदीची खात्री नसते. आत नायलॉनची कडी असलेला नट दरवेळी नवा. ग्रीस बोल्टच्या गुळगुळीत भागाला लावा, आट्यांना नको. आटे ओशट झाले की त्याच जोराला बोल्ट जास्त ताणला जातो. बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उतरवून. आर्म लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश काही महिन्यांतच फाटतो. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या.