नागिणीचा वेढा पुरा का होत नाही

गेल्या पावसाळ्यात वर्तकनगरच्या आमच्या इमारतीतल्या एका काकूंना डाव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. अंगावर चट्टा नाही, पण पदर लागला तरी कळवळायच्या. छातीत दुखतंय म्हणून ईसीजी काढला, तो चांगला आला. तिसऱ्या दिवशी पाठीपासून पुढपर्यंत पाणीदार फोडांचा पट्टा उठला आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला, नागीण! कुणी गेरू आणून दिला, कुणी कळव्याला नागीण ‘उतरवणाऱ्या’चा पत्ता दिला. तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस दगावतो, या धास्तीने काकूंचा मुलगा तासातासाला पट्टा किती सरकला ते बघत होता.

वेढा पुरा होणार नाही, हे मी त्याला ठामपणे सांगितलं. त्यामागचं कारण फार सुंदर आहे.

नागीण होते ती कांजिण्यांच्याच विषाणूमुळे, म्हणजे व्हॅरिसेला झोस्टरमुळे. लहानपणी कांजिण्यांच्या खपल्या पडतात, पण विषाणू शरीर सोडत नाही. मज्जातंतूंमधून वर चढून तो मणक्यांलगतच्या गुच्छिकांमध्ये, म्हणजे संवेदना वाहणाऱ्या चेतापेशींच्या पुंजक्यांमध्ये, पन्नास-साठ वर्षंही निपचित पडून राहतो. पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. वय, कर्करोगावरची औषधं किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स यांनी हा पहारा ढिला पडला, की बहुधा एकाच गुच्छिकेतला विषाणू जागा होतो आणि तिच्याच मज्जातंतूवरून त्वचेकडे उतरतो. वाटेत मज्जातंतू सुजतो, म्हणून फोडांच्या आधी दुखतं. इंग्लंडमधल्या सायरनसेस्टरचे फॅमिली डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून १९६५ मध्ये हा उलगडा मांडला.

आता वेढ्याकडे येऊ. मज्जारज्जूतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. जोडीतला डावा मज्जातंतू डाव्या अंगाचा, उजवा उजव्या अंगाचा. ही वाटणी गर्भ तीन-चार आठवड्यांचा असतानाच होते. पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना पेशींचे ठोकळे ओळीने तयार होतात आणि प्रत्येक ठोकळ्याला त्याच बाजूचा मज्जातंतू मिळतो. पुढे त्या ठोकळ्याची त्वचा ताणली जाऊन पुढे येते, तेव्हा मज्जातंतूही तिच्याबरोबर येतो आणि मध्यरेषेपाशी थांबतो. म्हणून छाती-पोटावर अर्ध्या कमरपट्ट्यांसारखे प्रदेश पडतात: चौथ्या वक्षीय, म्हणजे छातीच्या भागातल्या, मज्जातंतूचा स्तनाग्राच्या पातळीवर, दहाव्याचा बेंबीच्या. हेन्री हेड आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी १९०० मध्ये या प्रदेशांचा नकाशा नागिणीच्याच रुग्णांवरून काढला. पट्टा मध्यरेषेशी थांबतो, कारण त्या मज्जातंतूची हद्दच तिथे संपते. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांना कधी अंगभर फोड येतात. त्यांना धोका असतो तो विषाणू फुप्फुसांत किंवा मेंदूत पसरण्याचा. दोन टोकं भेटण्याशी त्याचा संबंध नाही.

गेरू आणि मंत्राला यश मिळतं, कारण फोड बहुतेकांचे दोन ते चार आठवड्यांत आपोआप बरे होतात. त्या नादात हातचा वेळ मात्र जातो, आणि याचाच मला मनापासून राग येतो. असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करायचं असतं. असायक्लोव्हिर पेशीत शिरतं तेव्हा निष्क्रिय असतं. विषाणूचंच थायमिडिन कायनेज हे विकर (एन्झाइम) त्याला पहिला फॉस्फेट जोडतं, पुढचे दोन आपली पेशी जोडते, आणि मग ते विषाणूच्या डीएनएच्या साखळीत खोटी कडी बनून शिरतं. पुढची कडी जोडायला त्याच्याकडे जागाच नसते, साखळी तिथेच तुटते. निरोगी पेशीत ते विकर नाही, म्हणून तिथे औषध जवळजवळ गप्प राहतं. ज्या प्रयोगशाळेत हे औषध घडलं, तिथल्या गर्ट्रूड एलियन १९८८ च्या नोबेलच्या मानकरी ठरल्या.

कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, दृष्टी जाऊ शकते. कांजिण्या न झालेल्या गरोदर बाई आणि तान्ह्या बाळापासून फोड झाकून दूर राहा. पन्नाशीनंतर दोन डोसांची लस घेता येते, ती भारतात २०२३ पासून मिळते.

काकूंचं औषध दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. पट्ट्याचं पुढचं टोक पोटाच्या मधोमध येऊन थांबलं. फोड गेले, पण मज्जातंतूची आग दिवाळीपर्यंत राहिली. तिला साध्या वेदनाशामकाने उतार पडेना, शेवटी गॅबापेंटिन या मज्जातंतूंच्या वेदनेवरच्या औषधाने झोप लागली.