जुलाब नव्हेत, बद्धकोष्ठ होतं

आषाढाच्या शेवटी आत्या चिऱ्याच्या पायरीवरच्या शेवाळावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. देवगडहून गाडी करून तिला शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशन चांगलं झालं, वॉकर धरून ती चार पावलं चालली आणि आठव्या दिवशी घरी आली. बाराव्या दिवशी वहिनीचा फोन आला, "आत्यांचं पोट सुटलंय. सकाळपासून चार वेळा चादर बदलली." घरातल्या औषधांच्या डब्यात जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळी होती, त्यातल्या दोन दिल्या. संध्याकाळपर्यंत पोट टम्म फुगलं आणि रात्री ओकाऱ्या सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "नीट शौचाला शेवटचं कधी झालं होतं?" कुणालाच सांगता येईना. बाईंनी हातमोजा घालून बोटाने तपासलं. गुदाशयात दगडासारखा घट्ट खडा अडकून बसला होता, आणि त्याच्या मागे साचलेलं पातळ पाणी कडेकडेने झिरपत होतं. पावसाळ्यात वहाळात ओंडका आडवा पडला, तर पाणी बाजूने वाट काढतं तसंच. आम्ही ज्याला जुलाब समजलो ते बद्धकोष्ठाचं शेवटचं टोक होतं. अंथरुणाला खिळलेल्या, वयस्कर माणसाला बरेच दिवस खडा होऊन मग एकाएकी पातळ गळती सुरू झाली, तर आधी ही शंका घ्यायला हवी. थांबवायची गोळी तर मुळीच द्यायची नाही.

हा लेख लिहायला घेतला तो मात्र वेगळ्या गोष्टीमुळे. आत्याला दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू होतं आणि आम्ही वर लोपेरामाइड दिलं. ही दोन्ही औषधं आतड्यातलं एकच कुलूप लावतात, हे मला नंतर वाचताना कळलं.

आधी पाण्याचा हिशोब पाहू. खाण्यापिण्यातून साधारण दोन लिटर आणि लाळ, जठररस, पित्त वगैरे पाचकरसांतून सात लिटर, असं रोज सुमारे नऊ लिटर द्रव आपल्या अन्नमार्गात उतरतं. त्यातलं बहुतेक लहान आतडं शोषून घेतं. मोठ्या आतड्यात पोचतं एक ते दीड लिटर, आणि शौचावाटे बाहेर पडतं ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. म्हणजे दीड मीटर लांबीचं मोठं आतडं हे मुख्यतः पाणी परत मिळवायचं यंत्र आहे. ते यंत्र थांबत नाही. मळ तिथे एक दिवस राहिला तर एक दिवसाचं पाणी जाईल, सहा दिवस राहिला तर सहा दिवसांचं. म्हणून बद्धकोष्ठात खरा प्रश्न असतो वेगाचा. कडकपणा त्याच्या मागोमाग येतो.

हा वेग ठरवतं कोण? आतड्याच्या भिंतीत, स्नायूंच्या दोन थरांच्या मधोमध, चेतापेशींचं एक जाळं पसरलेलं आहे. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ आउअरबाख यांनी एकोणिसाव्या शतकात ते दाखवून दिलं. त्यात कोट्यवधी चेतापेशी आहेत, आणि मेंदूकडून निरोप आला नाही तरी ते आपलं काम करू शकतं. 1899 मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याला बाहेरून येणाऱ्या चेता तोडून पाहिल्या. तरीही आतल्या घासाच्या मागचा भाग आकुंचन पावत होता आणि पुढचा भाग सैल पडत होता. मागून दाब, पुढे वाट. 1917 मध्ये जर्मन औषधशास्त्रज्ञ ट्रेंडेलेनबुर्ग यांनी गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा शरीराबाहेर, द्रवात ठेवून त्याच्याकडून हेच करवून घेतलं. तुकड्यात थोडा दाब वाढवला की लाट उठते. ना मेंदू, ना शरीर, तरी लाट उठते!

मला या जाळ्याचं फार अप्रूप आहे. घासाने भिंत ताणली की संवेदी पेशी जागी होते. तिच्याकडून निरोप दोन दिशांनी जातो. मागच्या बाजूला ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायू आवळतो, पुढच्या बाजूला नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि स्नायू ढिला पडतो. घास बोटभर पुढे सरकतो, तिथली भिंत ताणली जाते आणि हाच खेळ पुन्हा सुरू होतो.

आता अफूच्या जातीची औषधं काय करतात ते पाहा. या चेतापेशींवर म्यू नावाचे ग्राहक, म्हणजे औषध येऊन चिकटायच्या जागा, असतात. मॉर्फीन किंवा ट्रॅमाडॉलपासून शरीरात तयार होणारं द्रव्य त्यांना चिकटलं, की पेशीतले पोटॅशियमचे दरवाजे उघडतात आणि कॅल्शियमचे मिटतात. पेशी सुस्तावते आणि निरोपाची रसायनं सोडेनाशी होते. स्नायू मात्र लुळे पडत नाहीत. जागच्या जागी आवळणं चालूच राहतं, उलट वाढतं. पुढे ढकलणारी लाट तेवढी उठत नाही. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना दोन्ही बाजूंची माणसं दोर घट्ट धरून उभी आहेत, पण हाकारा देणारा गप्प झालाय, असं काहीसं. त्यातच आतड्यात पाझरणारं पाणी कमी होतं आणि गुदद्वाराचा आतला स्नायू जास्त आवळून राहतो. तिन्ही गोष्टी एकाच दिशेच्या.

गिनीपिगच्या आतड्याचा तो तुकडा पुढे मोठ्या शोधाला कारण झाला. मॉर्फीन टाकलं की त्याची हालचाल मंदावते, म्हणजे तो अफूसदृश द्रव्य ओळखणारा मापकच झाला. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांनी डुकराच्या मेंदूतून काढलेला अर्क अशाच तुकड्यांवर तपासला, आणि 1975 मध्ये मेंदूची स्वतःची वेदनाशामकं, एन्केफॅलिन, जगासमोर आली. मेंदूतलं गुपित आतड्याने सांगितलं.

लोपेरामाइडही त्याच म्यू ग्राहकाला चिकटतं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले पंप ते बाहेर फेकतात, म्हणून गुंगी येत नाही, फक्त आतडं थांबतं. खऱ्या जुलाबात हे वरदान. आत्याच्या बाबतीत आधीच लावलेल्या कुलपाची आम्ही आणखी एक चावी फिरवली.

या औषधांची आणखी एक खोड आहे. मळमळ, झोप यांची मेंदूला काही दिवसांत सवय होते. मोठ्या आतड्याला जवळजवळ होतच नाही. म्हणून "होईल आपोआप" म्हणून वाट पाहण्यात अर्थ नसतो. वेदनेची गोळी ज्या दिवशी सुरू होते, त्याच दिवशी पोटासाठीचं औषधही सुरू व्हायला हवं. आत्याच्या डिस्चार्जच्या कागदावर वेदनाशामक होतं, कॅल्शियम होतं, लोह होतं. शेवटची दोन्हीही बद्धकोष्ठात भर घालणारी. पोट साफ राहण्यासाठी मात्र एक ओळसुद्धा नव्हती. याचा मला आजही राग येतो.

घरी अशा वेळी इसबगोल आठवतो. चालत्याफिरत्या माणसाला तो उत्तम. तो पाणी धरून फुगतो, भिंत ताणतो, लाट उठते. पण लाट उठवणारं जाळंच झोपलेलं असेल आणि माणूस दिवसाला तीन पेले पाणी पीत असेल, तर तो फुगलेला गोळा त्या ओंडक्याच्या मागे आणखी एक ओंडका होतो. आत्याला आम्ही तोही दिला होता. आणि ती पाणी का पीत नव्हती? डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा हळूच म्हणाली, "पानी पियालंय काय परत उठूचा लागता. रातीचा कोणाक हाक मारू?" घरात पाच माणसं होती, त्यांतल्या एकालाही हे सुचलं नव्हतं.

या काळात सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं बेंबी सरकलीय, कुणी म्हणालं नजर लागलीय, देवळात गाऱ्हाणं घाला. गाऱ्हाणं घालायला माझी हरकत नाही, पण त्यासाठी उपचार दोन दिवस लांबवायला माझी पूर्ण हरकत आहे. शिकलेल्या नातेवाइकांनी पाठवलेला मोबाइलवरचा संदेश याहून वाईट होता: म्हणे प्रत्येकाच्या आतड्याला वर्षानुवर्षांचा किलोकिलो मळ चिकटलेला असतो आणि त्याचं विष अंगात भिनतं, तो अमुक चूर्णाने काढा. आतड्याचं अस्तर काही दिवसांत नवं होतं, त्याला वर्षांचा मळ चिकटून कसा राहील? ही विष भिनण्याची कल्पना शंभर वर्षांपूर्वी लंडनच्या आर्बथनॉट लेन या नामवंत शल्यविशारदाच्याही डोक्यात बसली होती. त्यापायी त्याने बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडी कापून काढली. चूर्णवाल्यांनी निदान तेवढं तरी वाचावं.

डॉक्टरबाईंनी आधी वंगण लावून खडा हाताने थोडा थोडा फोडून काढला. पाऊण तास लागला. आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती, वहिनीने तिचा हात धरला होता. मग दोन औषधं दिली. लॅक्टुलोज ही लहान आतड्याला न पचणारी साखर. ती पाणी स्वतःकडे ओढून ठेवते, पण परिणाम दिसायला दिवस-दोन दिवस लागतात. दुसरी सोनामुखीची गोळी. सोनामुखी आणि आपला पावसाळ्यातला टाकळा एकाच प्रजातीतले. तिच्यातलं द्रव्य साखरेला बांधलेलं असतं, म्हणून ते लहान आतड्यातून तसंच पुढे जातं. मोठ्या आतड्यातले जंतू ती साखर तोडतात, तेव्हा ते जागं होतं आणि चेताजाळ्याला डिवचतं. यालाच सहा ते बारा तास लागतात. म्हणून गोळी रात्री घ्यायची, काम सकाळी. एक औषध पाणी आणतं, दुसरं हाकारा देतं.

वेळही साधावी लागते. जठरात अन्न पडलं की मोठ्या आतड्यात जोराची लाट उठते आणि ती सकाळी सगळ्यात दमदार असते. तेव्हा उकड्या तांदळाची ऊन पेज झाली, की अर्ध्या तासात कमोडच्या खुर्चीवर बसवायचं, दार लोटून घ्यायचं आणि घाई करायची नाही. एरवी पायाखाली पाट दिला तर गुदाशयाचा कोन सरळ होऊन सोपं जातं, पण खुब्याच्या ऑपरेशननंतर गुडघे कमरेच्या वर नेणं धोक्याचं असू शकतं, म्हणून ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पाण्याच्या जोडीला वहिनीने पेज, सार, कुळथाचं कढण असं दर दोन तासांनी थोडं थोडं सुरू केलं, आणि रात्री आत्याच्या उशाशी घंटी ठेवली.

एक गोष्ट घाईची. पोट फुगलंय, ओकाऱ्या होताहेत आणि वाराही सरत नाही, किंवा शौचातून रक्त जातंय, अशा वेळी रेचक देऊ नका, एनिमाही नको. थेट हॉस्पिटल गाठा. आतडं खरोखर अडलेलं असेल तर रेचकाने ते फाटू शकतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना मॅग्नेशियमची आणि फॉस्फेटची औषधं मनाने देऊ नयेत.

वहिनीने कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. पहिले दोन दिवस कोरे, तिसऱ्या दिवशी एक खूण, मग दिवसाआड. गणेशचवथीच्या आठवड्यात डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल बंद करून साधं पॅरासिटामॉल दिलं, आणि चार दिवसांत सोनामुखीची गोळीही लागेनाशी झाली. पंचमीला आत्याने स्वतः हाक मारून विचारलं, ऋषीच्या भाजीत अळवाचे देठ घातलेत ना. वाटीभर वाढली. आता चालणार होती.