मणक्यातली गॅप आणि पायात उतरणारी कळ

आमच्या बीड-परभणीकडं कंबरेतली कळ पायात उतरली की घरोघरी एकच बोलणं, मणक्यात गॅप आलीय. ऊसतोडीवरून आलेला गडी असो की कापूस वेचणारी बाई, एमआरआयची मोठी पिशवी घेऊन दवाखाने फिरतात, अन् मला लई वाईट वाटतं कारण बऱ्याचदा तो एमआरआय एवढ्या लवकर लागतच नसतो.

होतं काय, दोन मणक्यांच्या मधी चकती असते, बाहेरून चिवट अन् आत मऊ, तो मऊ भाग बाहेर सरकला की शेजारच्या नसेच्या मुळाला दाबतो आणि तिथं सूजही आणतो. तीच मुळं पुढं मिळून सायटिक नस होते, शरीरातली सगळ्यात जाड. म्हणून बिघाड कंबरेत अन् ठणका, मुंग्या पार पोटरीत, तळपायात.

चांगला डॉक्टर आधी हात लावून तपासतो. उताणं झोपवून गुडघा न वाकवता पाय वर उचलतात, साधारण 30 ते 70 अंशात गुडघ्याच्या खाली कळ गेली तर नस दबल्याचा संशय पक्का होतो. पायाचा अंगठा वर ओढताना जोर कमी पडतो का, चवड्यावर चालता येतं का, यावरून कोणती नस तेही बरंचसं कळतं.

2015 मधे एक मोठा आढावा आला, त्यात काहीच दुखत नसलेल्या माणसांचे स्कॅन होते, तरी विशीतल्या 30 टक्के लोकांची चकती फुगलेली दिसली, ऐंशीतल्या 84 टक्के. मग नुसत्या रिपोर्टवर घाबरायचं कशाला?

बहुतेकांचं 6 ते 12 आठवड्यांत बरंच कमी होतं, सरकलेला भाग शरीर हळूहळू जिरवतं. पडून राहू नका, झेपेल तेवढं चाला, मोळी उचलणं मात्र बंद. आणि पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाची लाथ खाल्ली की कंबर सुटते म्हणतात, ती खाऊ नका हो, दबलेल्या नसेवर असला झटका नको. ऑपरेशननं पायाची कळ लवकर थांबते पण वर्षभरानं ऑपरेशन केलेले अन् न केलेले बरेचसे सारखेच असतात, त्यामुळं घाई नको.

घाई करायची ती लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातला जोर जायला लागला तर, मग त्याच रात्री गाडी करून मोठ्या दवाखान्यात न्या. ताप, वजन उतरणं असेल तरी थांबू नका, मणक्याचा टीबी असू शकतो. आपल्या बायका लाजून लघवीचं सांगत नाहीत, सोबत गेलात तर तुम्ही विचारा.