आकडो नाचता कित्याक? : स्क्रीनच्या लुकलुकीची पार्श्वभूमी

कुडाळ परिसरातल्या एका काजू कारखान्याच्या वजनकाट्यावर मी बसवलेल्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये स्क्रीनभर एकच मोठा आकडा होता, गाडीचं वजन. काट्याच्या इंडिकेटरमधून सिरियल पोर्टवर सेकंदाला दहा वेळा वजन यायचं आणि तो आकडा दहा वेळा नव्याने लिहिला जायचा. दुसऱ्याच दिवशी काट्यावर बसणाऱ्या काकांनी विचारलं, "बाबा, ह्यो आकडो नाचता कित्याक?" गाडी जागेवर उभी, वजन तेच, तरी आकडा फडफडत होता. गाडीवाल्याने तर थेट काट्यावरच संशय घेतला. काटा चोख होता, खोट माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. किनाऱ्यावरच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. दीपगृहाचा झोत ठरावीक अंतराने येतो आणि त्या अंतरावरूनच खलाशी दीपगृह ओळखतो. लुकलुकणारी गोष्ट काहीतरी सांगते आहे असंच आपण धरून चालतो. म्हणून वजनाचा आकडा विनाकारण लुकलुकला तर पाहणाऱ्याचा विश्वास उडतो.

कारण तसं छोटं आहे. जुना आकडा पुसायचा, मग नवा लिहायचा. या दोन कामांच्या मध्ये क्षणभर जागा कोरी असते आणि ती कोरी जागा माणसाला दिसते. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या स्क्रीनवर एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं. समजा पुसणं आणि लिहिणं यांत ३ मिलिसेकंद गेले, तर दर पाच-सहा वेळांमागे एकदा स्क्रीन नेमकी कोरी जागाच दाखवते. सेकंदाला दहा वेळा आकडा बदलत असेल तर सेकंदाला जवळपास दोन वेळा पांढरी चमक डोळ्यावर येते. संगणक वेगवान केला की ३ चे २ मिलिसेकंद होतात आणि चमक कमी होते, पण जात नाही. नवं मशीन घेऊन हा त्रास संपेल अशी आशा मी अनेक गिऱ्हाइकांकडे पाहिली आहे.

अर्धवट काम प्रेक्षकाला दिसू द्यायचं नाही, हे सिनेमावाल्यांना संगणकाच्या कितीतरी आधी उमगलं होतं. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा. प्रोजेक्टरमधली फिरती पात प्रत्येक चित्र दोनदा, काही यंत्रांत तीनदा दाखवते, म्हणजे डोळ्यावर ४८ किंवा ७२ झोत पडतात. मूकपट १६ चित्रांच्या वेगाने चालवताना तीन पात्यांची झडप लावली की हिशेब तोच ४८. एका चित्राकडून दुसऱ्याकडे फिल्म सरकते तेव्हा पात आड येते आणि ते सरकणं अंधारात उरकतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची युक्ती हीच, आणि पुढच्या पिढ्यांनी ती पुन्हा पुन्हा नव्याने शोधली.

टीव्हीच्या काचनळीत अडचण वेगळी होती. तिथे फॉस्फरचा लेप इलेक्ट्रॉनच्या झोताने उजळतो आणि लगेच विझू लागतो, म्हणून चित्र सारखं नव्याने रेखाटावं लागतं. दूरदर्शनचं चित्र ६२५ रेषांचं, सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, पण प्रत्येक चित्र विषम रेषा आणि सम रेषा अशा दोन हप्त्यांत, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. लांबून बघायला ते पुरतं. हातभर अंतरावर बसून पांढऱ्या पडद्यावर जमाखर्च लिहायला पुरत नाही, कारण उजेड जितका जास्त तितकी डोळ्याला लुकलुक लवकर जाणवते, आणि डोळ्याच्या कडेला तर ती आणखीच बोचते. म्हणून जुन्या मॉनिटरवर रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने रेखाटायचं तो आकडा) ६० वरून ७५ किंवा ८५ हर्ट्झवर नेला की बरं वाटायचं. एलसीडी आली आणि हा प्रकार जवळपास संपला. काही पॅनलमध्ये उजेड कमी केल्यावर मागचा दिवा झपझप चालू-बंद होतो, तेवढाच काय तो उरला. पण आकडा फडफडण्याशी या प्रकाराचा संबंध नाही. लोक दोन्हींना 'स्क्रीन लुकलुकते' म्हणतात आणि मग मॉनिटर बदलून बघतात.

संगणकाच्या सुरुवातीच्या रेषाचित्र पडद्यांवर तर चित्राची साठवणच नसायची. इव्हान सदरलँड यांचा १९६३ चा स्केचपॅड हा चित्र काढण्याचा प्रोग्रॅम ज्या टीएक्स-२ संगणकावर चालला, त्यावर प्रत्येक ठिपका संगणकच पुन्हा पुन्हा उमटवत राही. रेषा वाढल्या की एक फेरी पुरी व्हायला वेळ लागे आणि चित्र थरथरू लागे. इलाज एकच, पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला स्मृतीत जागा द्यायची. पण स्मृती महाग होती. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७३ साली तयार झालेल्या आल्टो संगणकाचा पडदा ६०६ गुणिले ८०८ ठिपक्यांचा, फक्त काळा-पांढरा. तरी त्याला सुमारे ६० किलोबाइट लागत, आणि मूळ यंत्राची सगळी स्मृती होती १२८ किलोबाइट. जवळजवळ अर्धी स्मृती एका पडद्याला गेल्यावर त्याची दुसरी प्रत ठेवायची कुठे? त्याच आल्टोवर १९७५ साली डॅन इंगल्स यांनी बिटब्लिट नावाची क्रिया घडवली. ठिपक्यांचा चौकोन एका जागेवरून उचलायचा आणि दुसऱ्या जागी एकदम ठेवायचा. फडफड थांबवण्याचं आजचं सगळं काम या उचल-ठेवीवर उभं आहे. विंडोजमध्ये त्या क्रियेचं नाव आजही तेच आहे.

आयबीएमच्या पहिल्या पीसीबरोबर १९८१ साली पडद्यावर चित्र पाठवणारं सीजीए कार्ड आलं, त्यावर १६ किलोबाइट स्मृती. ८० रकान्यांच्या मजकुरात प्रोसेसर त्या स्मृतीत लिहायला गेला आणि त्याच क्षणी कार्डही तिथून वाचत असलं, तर पडद्यावर पांढरे कण उडायचे. प्रोग्रॅमर त्याला 'स्नो' म्हणत. त्यावर उपाय म्हणून प्रोग्रॅम पोर्टवरचा एक बिट तपासत थांबायचे. झोत पडद्याच्या कडेला गेला की तेवढ्या फटीत अक्षरं टाकायची. लिहिणारा आणि दाखवणारा एकमेकांच्या पायात येऊ नयेत ही शिस्त इथे फार स्पष्ट दिसते.

आमच्या पिढीची या विषयाशी पहिली गाठ पडली टर्बो सी या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनामध्ये. डिप्लोमाच्या लॅबमध्ये उसळणारा चेंडू काढायचा असायचा. पुसायचा, सरकवायचा, पुन्हा काढायचा, आणि चेंडू सतत फडफडायचा. मग कुणीतरी सेटअ‍ॅक्टिव्हपेज आणि सेटव्हिज्युअलपेज ही जोडी दाखवायचं. चित्र काढायचं एका पानावर, दाखवायचं दुसरं पान; पूर्ण झालं की पानांची अदलाबदल. पण ६४० गुणिले ४८० मध्ये हे चालेना, ६४० गुणिले ३५० मध्ये मात्र चाले. कारण साध्या गुणाकारात होतं. व्हीजीए कार्डावर २५६ किलोबाइट स्मृती. १६ रंगांत ६४० गुणिले ४८० चं एक पान १,५३,६०० बाइटचं, दोन पानं ३,०७,२०० ची, आणि जागा २,६२,१४४. दुसरं पान मावतच नाही. ३५० ओळींचं पान १,१२,००० बाइटचं, तिथे दोन मावतात. हा हिशेब मला फार उशिरा कळला. तो पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडला असता तर कित्येक मुलांना विषय आवडला असता.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. सांगणारा रामायण-महाभारतातली कथा गातो आणि पोथीतली चित्रं एकामागून एक समोर धरतो. रंग ओला असलेलं चित्र कुणी श्रोत्यांसमोर आणत नाही. पुढचं चित्र पुरं होऊन खाली तयार असतं, वरचं बाजूला झालं की तेच दिसतं. नव्या मुलांना डबल बफरिंग, म्हणजे चित्र आडून पुरं करून मगच दाखवणं, समजावताना मी पिंगुळीचीच गोष्ट सांगतो, आणि ती एका वाक्यात कळते.

मग विंडोज आणि मॅकिंटॉशने सुरुवातीपासून असं का केलं नाही? पुन्हा स्मृतीच. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशची स्मृती १२८ किलोबाइट, पडदा ५१२ गुणिले ३४२ चा. त्याची एक जादा प्रत म्हणजे सुमारे २२ हजार बाइट, एकूण स्मृतीचा सहावा हिस्सा. म्हणून झाकल्या गेलेल्या खिडकीतलं चित्र जपून ठेवायचंच नाही असं ठरलं. खिडकी पुन्हा उघडी पडली की त्या प्रोग्रॅमला निरोप द्यायचा, 'एवढा भाग पुन्हा काढ'. नोव्हेंबर १९८५ च्या विंडोज १.० नेही हाच मार्ग धरला. विंडोजमध्ये निरोप दोन आले, आधी पार्श्वभूमी पुसण्याचा आणि मग चित्र काढण्याचा. पुसणं आणि काढणं वेगळं पडलं, आणि त्या दोहोंच्या मधली फट पुढे वीस वर्षं प्रोग्रॅमरांच्या मागे लागली. त्या काळाच्या स्मृतीकडे पाहिलं तर मी या निर्णयाला चूक म्हणणार नाही. मात्र स्मृती स्वस्त झाल्यावरही सवय तशीच राहिली, याचं वाईट वाटतं.

१९९८ साली व्हिज्युअल बेसिक ६ आलं. आपल्याकडच्या काटे, बिलिंग, बर्फ कारखाने, पतसंस्था यांचे कितीतरी प्रोग्रॅम त्यात लिहिले गेले. त्यात ऑटोरिड्रॉ नावाचा गुणधर्म होता, तो चालू केला की चित्र आधी स्मृतीत तयार व्हायचं. दिवसभराच्या गाड्यांची यादी ज्या ग्रिडमध्ये भरायची, तिचं रिड्रॉ आधी बंद करायचं, सगळ्या ओळी भरायच्या आणि मग चालू करायचं. या दोन ओळी विसरलेला प्रोग्रॅम लांबूनही ओळखू येई. दोनशे ओळी एकेक करून खाली उतरताना दिसत. जावामध्येही तीच कथा. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीतलं अपडेट हे फंक्शन आधी पार्श्वभूमी पुसायचं आणि मग चित्र काढणाऱ्या पेंट फंक्शनला हाक मारायचं, म्हणून ते फंक्शन स्वतः लिहून पुसणं टाळायचं ही पहिली शिकवण. १९९८ अखेरच्या आवृत्तीत स्विंग हा खिडक्या-बटणांचा संच आला आणि डबल बफरिंग आपोआप मिळू लागलं. क्यूटी या अशाच दुसऱ्या संचाने २००५ मध्ये चौथ्या आवृत्तीपासून तेच केलं. त्याच वर्षीच्या मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट २.० मध्ये डबलबफर्ड हा गुणधर्म आला, पण तो प्रोटेक्टेड ठेवलेला. बाहेरून थेट चालू करता येत नाही, ग्रिडचा नवा वर्ग काढावा लागतो किंवा रिफ्लेक्शनची आडवाट धरावी लागते. रोज लागणारी गोष्ट अशी कुलपात का ठेवली, ते मला आजही पटलेलं नाही.

दरम्यान हे काम प्रोग्रॅमरच्या हातून हळूहळू ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेलं. २००१ च्या मॅक ओएस टेनमध्ये प्रत्येक खिडकीला स्वतःची साठवण मिळाली आणि सिस्टिम त्या सगळ्या एकत्र करून पडद्यावर मांडू लागली. विंडोजमध्ये हे व्हिस्टापासून आलं, ग्राहकांपर्यंत ते जानेवारी २००७ मध्ये पोचलं, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ते बंद करण्याची सोयच उरली नाही. लिनक्सवर क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ साली वेलँड ही खिडक्या पडद्यावर मांडण्याची पद्धत सुरू केली, तिचा आग्रहच असा की अर्धवट चित्र पडद्यावर कधीच जाऊ नये. आज १३६६ गुणिले ७६८ च्या साध्या स्क्रीनची पूर्ण प्रत सुमारे ४ मेगाबाइटची होते आणि तेवढ्या जागेचा कुणी विचारही करत नाही.

तरीही जुन्या पद्धतीने लिहिलेला आकडा विंडोज ११ वर फडफडू शकतो. सिस्टिम खिडकीची साठवण वेगळी ठेवते खरी, पण प्रोग्रॅम त्या साठवणीतच आधी पुसून मग लिहीत असेल आणि सिस्टिमने नेमकी मधल्या क्षणी ती उचलली, तर कोरी जागाच पडद्यावर जाते. म्हणून काजू कारखान्यातल्या त्या प्रोग्रॅममध्ये मी अखेर जे केलं ते बरंचसं जुनंच होतं. आधीच्याइतकंच वजन आलं तर काहीच काढायचं नाही. बदललं तर फक्त आकड्याचा चौकोन नव्याने काढायचा, अख्खी खिडकी नाही. पुसण्याचा निरोप गिळायचा, पार्श्वभूमी आणि आकडा दोन्ही स्मृतीत एकत्र काढायचे आणि एकदम ठेवून द्यायचे. वजन दहा वेळा येत असलं तरी स्क्रीनवर चार वेळाच दाखवायचं, कारण सेकंदाला दहा आकडे कुणाला वाचता येतात? शिवाय सगळे अंक सारख्या रुंदीचे असलेला फाँट घेतला. त्याआधी १ आला की शेजारचे अंक डावीकडे सरकायचे, आणि काकांना दिसणाऱ्या नाचात तोही एक भाग होता.

एक गोष्ट पुढे अडली. कारखान्याचे मालक मुंबईला, आणि पावसाळ्यात इथलं इंटरनेट रडतखडत चालणारं. ते रिमोट डेस्कटॉपवरून काटा बघत तेव्हा आकडा स्थिर असायचा, पण उशिरा पोचायचा. थेट काढलेला आकडा नेटवरून 'इथे ही अक्षरं लिही' अशा छोट्या सूचनेने जाऊ शकतो. आधी स्मृतीत काढलेला चौकोन मात्र ठिपक्यांचं चित्र म्हणून पाठवावा लागतो, आणि ते जड पडतं. म्हणून प्रोग्रॅम सुरू होताना आणि जोडणी बदलताना तो रिमोट सत्रात आहे का हे विंडोजला विचारतो. असेल तर डबल बफरिंग बंद, आणि आकडा सेकंदातून एकदाच. काट्यावरच्या मशीनवर ते चालूच आहे.